करमायलंय का?

छत्रपती संभाजीनगर
५ ऑगस्ट २०२४

ती. केवळाआत्यास,

नमस्कार. पायावर डोकं ठेवते असं लिहिणार होते, पण तू म्हणशील, काळा कोट चढवल्यापासून पोरीची मान वाकत नाही, उगी कशाला खोटं लिहिते. म्हणून नुसता नमस्कार.

बातमी अशी, की माझी वकिली सध्या बाजूला पडली आहे. आपल्या विभागातल्या वृद्धाश्रमांवर देखरेख ठेवायला एक समिती नेमली आहे आणि तिच्या अध्यक्षपदी मला बसवलं आहे. इतकी वर्षं मी कच्च्या कैद्यांचे जामीन केले, कोठडीत मार खाल्लेल्या पोरांच्या केसेस लढवल्या, ऊसतोडीच्या बायकांसाठी कारखान्यांच्या दारात बसले. कोणीतरी वर म्हणालं असेल, ह्या बाईला बंद दाराआड डोकावायची खोड आहे, हिलाच द्या हे काम. महारुद्रला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "ताई, म्हणजे आता म्हाताऱ्यांचे जामीन करणार का?" तुझा लेक चाकणला जाऊन सुपरवायझर झाला तरी जिभेला हाड नाही. पण चेष्टा केली आणि लगेच घाईत आला. ड्यूटी आहे म्हणून फोन ठेवून दिला.

आता माझी अडचण ऐक. परभणीजवळच्या एका आश्रमात पहिली भेट दिली. एकेकाच्या कॉटवर बसून विचारलं, "आजी, काही तक्रार आहे का?" "न्हाई बाई." "बाबा, काही तक्रार?" "न्हाई, न्हाई." एका आजीने तर कानाला हात लावले. तुरुंगात हाच प्रश्न विचारला की माणसं संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत. इथे मात्र सगळे गप्प. हे सुखी आहेत, की घाबरलेत, की मीच कुठे चुकते आहे? मला काही उलगडेना. अहवालात "रहिवाशांची तक्रार नाही" असं लिहून आले, पण मनाला पटलं नाही.

तू चार माणसांत बसणारी बाई. अशा ठिकाणी गेलीस तर आधी काय बघशील? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते कानाचं यंत्र तू डब्यात घालून ठेवलंयस, म्हणून पत्रानेच विचारते.

आणि तुला करमतं ना गं घरात एकटीला?

तुझी,
राजी


राणीसावरगाव
नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

चि. राजीस,

तुझा नमस्कार पोचला. मान वाकली न्हाई तरी चालंल, वळती ठेव म्हणजे झालं.

तुझं पत्र शिवकन्येनं आणून दिलं. तीच ती, आपल्या शेजारची. तू अध्यक्ष झालीस हे वाचून लय बरं वाटलं. खुर्ची मोठी हाय का? मोठ्या खुर्चीत मागं टेकून बसलं की समोरच्या माणसाचं नुसतं डोकं दिसतं, म्हणून जराक पुढं सरकून बसत जा.

आता मी काय बघीन ते सांगते. दाराशी चपला बघीन. चपला मळलेल्या, झिजलेल्या असल्या तर समजायचं माणसं बाहीर जायलेत यायलेत. कोऱ्या असल्या तर समजायचं, देणगीचा फोटू काढून तशाच ठिवल्यात. दुसरं, जेवणाला बसीन. वाटीतलं वरण पातळ का घट्ट ते नको बघू, तपासणीच्या दिवशी सगळीकडंच घट्ट असतंय. दुसऱ्यांदा भाकर मागितली की वाढणाऱ्याचं तोंड कसं होतंय ते बघ.

अन् म्हातारी माणसं बोलत न्हाईत म्हणून तू हैराण होऊ नको. तू चारच्या सुमाराला गाडीत बसून निघून जाणार. त्यांना तितंच ऱ्हायचंय, त्याच माणसाच्या हातचा चहा प्यायचाय. ते तुला पहिल्याच भेटीत काळीज काढून दावतील व्हय?

ह्या कामात मला बी गोडी वाटायलीय. कुठं कुठं गेलीस, कोण काय बोललं, सगळं कळवत जा. पत्र राणीसावरगावलाच टाक, शिवकन्या देते.

मला करमतं का इचारलंस.

हो.

तुझी आत्या
केवळाबाई


छत्रपती संभाजीनगर
२९ ऑगस्ट

ती. आत्यास,

तुझ्या चपलांनी माझी शोभा केली.

बोरीला एका आश्रमात गेले. दाराशी चपलांची रांग, एकेक चप्पल धुतल्यासारखी स्वच्छ. मला वाटलं, सापडलं. संचालकाला बाजूला घेऊन म्हटलं, ह्या माणसांनी कित्येक दिवसांत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, लपवू नका. बिचारा घामाघूम झाला. तेवढ्यात ओट्यावरचे एक बाबा हसायला लागले. म्हणाले, "बाई, काल आमी समदे सप्त्याला गेलतो. गुडघ्याएवढा चिखल. म्हणून त्या पोरीनं सकाळी चपला धुऊन उन्हात मांडल्यात." माझ्या वहीत चपलांवर अख्खा परिच्छेद लिहून झाला होता. तो तिथेच खोडला.

पण त्याच बाबांनी माझा मोठा गुंता सोडवला, त्यांना माहीतही नाही. मी विचारलं, "बाबा, काही तक्रार आहे का?" त्यांचं हसू एकदम गेलं. म्हणाले, "बाई, मी गरीब माणूस. उभ्या जन्मात कुणासंगं तक्रार केली न्हाई. आता ह्या वयात कशाला करू?"

कुणासंगं, म्हणाले. मी पेन खाली ठेवलं. आत्या, मला एकदम तुझं स्वयंपाकघर आठवलं. मी आणि महारुद्र पाटीसाठी ओढाओढ करायचो आणि तू आतून ओरडायचीस, "ए, तक्रारी करू नगा रे." आपल्याकडे तक्रार म्हणजे भांडण. कोर्टात इतकी वर्षं गेली, की माझ्याच घरातल्या शब्दाचा अर्थ मी विसरले. परभणी जिल्हाभर मी म्हाताऱ्या माणसांच्या कॉटवर बसून विचारत फिरले, काय हो, तुम्ही इथे भांडणं करता का? आणि ती अब्रूदार माणसं सांगत होती, न्हाई बाई, आम्ही तसले न्हाई. मी ते खाली लिहून घेत होते.

मग काय विचारायचं? बसल्याबसल्या तुझी आंतरदेशीय पत्रं आठवली. मी कायद्याच्या कॉलेजात होस्टेलवर होते तेव्हा दर पंधरवड्याला यायची. पाऊसपाणी, गाय व्यालेली, कोणाचं लग्न, आणि शेवटची ओळ ठरलेली: करमायलंय का? मी बाबांना तसंच विचारलं. आपल्या बोलीत. "बाबा, हितं करमायलंय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सरकून ओट्यावर मला जागा दिली. मग आजूबाजूचे गोळा झाले. एक आजी म्हणाल्या, कामच काही न्हाई, माणसानं दिवसभर नुसतं बसायचं म्हणजे पाव्हणं आल्यागत वाटतंय, अन् पाव्हणा तरी किती दिवस ऱ्हातो? एक म्हणाले, टीव्ही हाय, पण तो कधी लावायचा ते हापिसातले ठरवतात. एकीला रात्री उठायची भीती वाटते, कारण संडासाकडचा दिवा बंद आहे आणि दुसऱ्या कोणाला उठवायचा संकोच होतो. तो दिवा त्याच दिवशी लावून घेतला. इतके दिवस कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. चहा आला, गार झाला, कोणाचं लक्ष नाही.

आता समितीतल्या सगळ्यांना सांगितलं आहे, पहिला प्रश्न हाच. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "मॅडम, हा प्रश्न रकान्यात कसा बसवायचा?" मी म्हटलं, रकाना मोठा करा.

तुझी,
राजी


राणीसावरगाव
पोळा झाल्यावर

चि. राजीस,

चपलांचं वाचून इतकी हसले की कडूबाई इचारायली, काय झालं गं. कडूबाई म्हणजे हितंच असती, माझ्या सोबतीला. तिला वाचता येत न्हाई, म्हणून तुझं पत्र मी तिला पुन्हा मोठ्यानं वाचून दावलं. आता माझं चपलांचं ऐकू नको. भाकरीचं मात्र ऐक.

तक्रारीचं खरं हाय. माझ्या बी ध्यानात आलं नव्हतं. तुझं पहिलं पत्र वाचताना मी तक्रार म्हणजे अर्जातलीच तक्रार धरली. वकिलाच्या हातचं पत्र म्हणल्यावर मी बी शहाण्यागत वाचत असते.

होस्टेलचं काढलंस म्हणून सांगते. मी इचारायची करमायलंय का, अन् तू उत्तरात "हो" लिहायचीस. एवढं मोठं. खरं असलं की तुझं अक्षर बारीक यायचं, थाप असली की हे एवढं थोरलं. पहिलं सालभर सगळे "हो" थोरलेच होते. तुझ्या बापाला मी कधी बोलले न्हाई. सुटीत आलीस की शेंगदाण्याचे लाडू जास्तीचे बांधून द्यायची, तेवढंच.

बरं, उगी एक इचारते. एखाद्या आश्रमाच्या गेटाला दिवसाढवळ्या कुलूप असलं, पर आतली माणसं वाईट न्हाईत, खाणंपिणं येळेवर हाय, कुणी कुणाला टाकून बोलत न्हाई, तर तुमी काय करता? शिवकन्येच्या पाव्हण्यातलं कुणी तरी अशा ठिकाणी ऱ्हातंय, म्हणून इचारलं.

तब्येत बरी हाय. गुडघा बोलतोय, पर मी त्याचं ऐकत न्हाई.

तुझी आत्या


छत्रपती संभाजीनगर
१९ सप्टेंबर

ती. आत्यास,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. कुलूप म्हणजे कुलूप.

लोक मला सांगतात, मॅडम, माणसं चांगली आहेत, हेतू चांगला आहे. मी चांगले जेलर पाहिले आहेत. तुरुंगात बरं जेवण मिळालेलंही पाहिलं आहे. पण एक दिवस फाटक उघडं टाकून बघ. बाहेर गेलेल्यांपैकी एकही माणूस आपल्या पायाने परत येणार नाही. माझ्या मते बंदिवासाची खूण तीच. वरण किती घट्ट होतं याला मग काही अर्थ उरत नाही.

आणि योगायोग बघ. गंगाखेडच्या गंगातीर निवासाचा अहवाल नेमका माझ्या टेबलावर आहे. गेटला दिवसभर कुलूप, किल्ली संचालकाच्या खिशात, नोंदणीची मुदत कधीच संपलेली. मी स्वतः गेले नाही, कार्यालयातल्या माणसाने बाहेरून पाहून अहवाल दिला आहे, पण कुलपाचा फोटोच जोडलेला आहे, आणखी काय पाहायचं? पुढच्या बैठकीत बंद करायचा प्रस्ताव मांडते आहे. तिथल्या लोकांना दिवाळीच्या आत परभणीला हलवू. नवी इमारत आहे, खोल्या मोठ्या, खिडक्या मोठ्या. सगळ्यांना एका ठिकाणी जागा होणार नाही, काहींना नांदेडला पाठवावं लागेल.

शिवकन्येचे पाहुणे तिथलेच असतील तर त्यांना सांग, घाबरू नका. आता सुटका होते आहे.

तू गुडघ्याचं ऐक जरा. आणि ही कडूबाई कोण? आपल्या गल्लीत या नावाचं कोणी मला आठवत नाही.

तुझी,
राजी


गंगातीर निवास, गंगाखेड
पितृपंधरवडा

राजी,

पत्ता पुन्हा वाच, मग खाली ये.

शिवकन्येचे पाव्हणे म्हणजे मीच. पाडवा झाल्यापासून मी हितं हाय. तुझं पत्र राणीसावरगावला येतं, शिवकन्या गंगाखेडच्या बाजारला आली की हितं आणून देती. कडूबाई माझ्याच खोलीत असती, तिची कॉट खिडकीकडं.

झालं असं. थंडीत मी न्हाणीत पडले. हाड मोडलं न्हाई, पर उठता येईना. शिवकन्या दूध द्यायला येईस्तोवर तशीच ओल्यात पडून होते. महारुद्र आला अन् मला चाकणला घेऊन गेला. चौथा मजला. तो कामावर, सूनबाई कामावर. मी एकदा गॅस चालू ठिवून झोपले, तवापासून ते दोघं बाहीरून कुलूप लावून जायलेले. वाईट म्हणून न्हाई गं, भ्याले होते. दिवसभर मी ग्यालरीतनं खालच्या गाड्या बघायची. त्या कुलपावर तुमची समिती येत न्हाई, राजी.

मीच महारुद्राला म्हणाले, मला गंगाखेडला नेऊन सोड. गच्चीवर गेलं की गंगा दिसती. आपल्याकडची भाषा हाय. तो लय रडला. मीच त्याला दटावून तोंड बंद ठिवायला लावलं. तुला का सांगितलं न्हाई? एक तर तू त्याच्या अंगावर धावून गेली असतीस. दुसरं म्हणजे, एवढी मोठी वकील, जगाच्या हक्कासाठी भांडती, अन् तिची आत्या आश्रमात, असं लोक तुला बोलले असते. मला शरम वाटायली. आता अध्यक्ष झालीस म्हणल्यावर तर मी पारच गडबडले. अन् खरं सांगू, तुझी पत्रं यायली तशी गंमत बी वाटायली. तू बाहीरून बघायलीस अन् मी आतून.

कुलपाचं ऐक. उन्हाळ्यात हितं कुलूप नव्हतं. धोंडीबा म्हणून एक म्हातारे हायेत, जन्मभर मेंढरं राखलेली. आता त्यांना जागेचं अन् येळेचं भान न्हाई. सांज व्हायला लागली की मेंढरं आणायची म्हणून उठतात. एकदा असेच गेले ते गेलेच. सगळं गाव हुडकायलं. दुसऱ्या दिवशी उसाच्या फडात घावले, पाण्यावाचून जीभ कोरडी पडलेली. रामप्रसाद, हितला संचालक, त्यांना पाठीवर घेऊन आला. त्याच दिवशी त्यानं कुलूप आणलं. त्याला दुसरं काही सुचलं न्हाई.

कुलूप मला बी आवडत न्हाई. रोज दुपारी गेटापर्यंत जाते, गजाला हात लावते, परत येते. पर त्यापायी आमाला गठुड्यागत उचलून दुसरीकडं टाकणार? घर सुटलं, चाकण सुटलं, आता हितं कडूबाई कुशीवर कधी वळती ते मला झोपेत बी कळायलंय, तर मला परभणीला अन् तिला नांदेडला. खिडक्या मोठ्या हायेत म्हणतीस. मला खिडकी नको.

बोरीला इचारलंस, समितीला बी इचारायला लावलंस, करमायलंय का. हितं मात्र फोटू बघून निकाल लिवलास.

आत्या


छत्रपती संभाजीनगर
१ ऑक्टोबर

आत्या,

पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग दार लावून बसले.

आधी राग आला, खोटं कशाला सांगू. महारुद्रला फोन करून वाटेल ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "ताई, तू मागच्या वर्षी लग्नात भेटलीस तिला. त्यानंतर कधी?" मग मीच फोन ठेवला. आत्या, मला फार वाईट वाटतंय. तू ओल्यात पडून होतीस आणि मला ते आता शरदात कळतंय.

तुझं नागपंचमीचं पत्र काढून बघितलं. "मला करमतं का इचारलंस," आणि खाली "हो." त्या एका अक्षराला अख्खी ओळ दिली आहेस. मात्रा वरच्या ओळीत घुसली आहे. कोर्टात मी दुसऱ्यांचं अक्षर ओळखायला तज्ज्ञ बोलावते. तू तर नंतरच्या पत्रात थापेची खूणही सांगून टाकली होतीस, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आता कामाचं. आपलं माणूस असलेल्या ठिकाणाचा निकाल अध्यक्षाने द्यायचा नसतो. प्रस्ताव मागे घेतला आहे आणि गंगातीरचं प्रकरण सविताताईंकडे दिलं आहे. त्या समितीतल्या सगळ्यात कडक सदस्य, कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. तू माझी आत्या आहेस हे मी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. लाज वाटली नाही, हे तुला मुद्दाम कळवते. सविताताई काय ठरवतील ते मला माहीत नाही. बंदही करतील. तुम्हा सगळ्यांना काय हवं आहे, याबद्दल मी त्यांना एक शब्द सांगितलेला नाही. प्रश्न कोणता विचारायचा ते त्यांना आधीपासून माहीत आहे.

निकाल लागेपर्यंत मी तिथे पाऊल टाकू शकत नाही. जीव तिकडे आहे, पण आले तर म्हणतील, बाईंनी आत्यासाठी वजन टाकलं, आणि मग जे काही चांगलं होईल तेही वाया जाईल. म्हणून पत्र.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत, अध्यक्ष म्हणून नाही. कुलूप निघालं तर तू काय करशील? आणि दुसरं, तू मला होस्टेलवर सालभर विचारत राहिलीस, ते मी तुला आज विचारते.

करमायलंय का, आत्या? खरं लिही.

राजी


गंगातीर निवास, गंगाखेड
दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर

चि. राजीस,

पत्रात आपट्याचं पान घातलंय. पोस्टानं चुरा झाला तरी सोनं म्हणूनच घे.

तुझी सविताबाई येऊन गेली. खरंच कडक हाय. आल्या आल्या रामप्रसादाच्या खिशातली किल्ली मागितली, कुलूप काढलं अन् आपल्या पिशवीत टाकलं. मग आमच्यात येऊन खाली सतरंजीवर बसली अन् एकेकाला इचारायली, करमायलंय का. तिच्या तोंडात तो शब्द जराक नवा-नवा वाटायला, पर इचारला. मी काय बोलले ते तुला सांगत न्हाई, ते तिच्या कागदात हाय. कडूबाई मात्र तिला म्हणाली, "आमाला दोघींना तोडलंस तर मी जेवणार न्हाई." तिनं ते लिहून घेतलं.

धोंडीबाला इचारलं तर ते म्हणाले, "मेंढरं आल्यावर करमतंय." सविताबाई लिहायची थांबली. रामप्रसादाकडं बघून म्हणाली, "मग ती आणायला ह्यांच्यासंगं कोण जातं?" रामप्रसाद म्हणाला, कुणीच न्हाई. ती म्हणाली, "उद्यापासून तुम्ही जा."

झालं, एवढंच. बंद केलं न्हाई. नोंदणीचे कागद नीट करायला मुदत दिलीय, न्हाई केले तर पुन्हा येते म्हणालीय, अन् ती येणारच. दिवसा गेट उघडं ठिवायचं. आमच्यातलंच कुणी ना कुणी गेटापाशी बसायचं, रानात पाखरं राखायला बसावं तसं. सांज झाली की रामप्रसाद अन् धोंडीबा निघतात. धोंडीबा पुढं, तो मागं. कालव्यापर्यंत जातात, धोंडीबा दोनचार हाळ्या देतात, वळतात अन् येतात. पहिल्या दिवशी रामप्रसादाला लाज वाटायली होती. आता तो बी हाळी देतो.

आता तू इचारलंस, कुलूप निघालं तर काय करशील. गंमत ऐक. पहिल्या दिवशी गेट उघडं, अन् एक बी माणूस बाहीर गेलं न्हाई. समदे ओट्यावर बसून गेटाकडं बघायलेले, जणू तिकडून वरात येणार हाय. मी बी त्यातच. इतके दिवस रोज गजाला हात लावायची, अन् आता गज बाजूला सरकलेला तर पाय उचलंना. मला माझंच नवल वाटायलं.

दुसऱ्या दिवशी कडूबाईला म्हणाले, ऊठ, गंगेवर जाऊ. गेलो. गुडघा लय बोलला. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं न्हाई, तरी कडूबाई सगळ्यांना राम राम करत चाललेली. घाटावर बसलो, पाण्यात पाय सोडले. एकीनं जरी म्हणलं असतं की चल, यष्टीत बसू अन् राणीसावरगावला जाऊ, तर गेलो असतो. ष्ट्यांड तितनं लांब न्हाई. घराची किल्ली माझ्या कमरेलाच हाय. मी बी बोलले न्हाई, ती बी बोलली न्हाई. जराक येळानं कडूबाई म्हणाली, आज पिठलं हाय म्हणत होते गं. अन् आमी उठलो.

तू लिवलं होतंस, फाटक उघडं टाकलं तर तुरुंगातला एक बी माणूस आपल्या पायानं परत येणार न्हाई. मी आले. माझी मी आले, कुणी आणलं न्हाई. गेटापाशी रामप्रसाद उलटा पेपर धरून वाचत बसला होता.

चपला दाराशी हायेत, चिखलाच्या. धुवायच्या न्हाईत म्हणून पोरीला सांगून ठिवलंय. आता तुझा निकाल लागला, तर ये अन् बघ. महारुद्राला बी संगं आण. त्याला बोलू नको, माझं बोलून झालंय.

ऱ्हायलं ते एक. रोज न्हाई, राजी. जेवण दिवेलागणीच्या आतच वाढतात, मग रात्र लांब होती अन् घराचा उंबरा डोळ्यांपुढं येतो. ते तुला लपवत न्हाई.

पर आज इचारशील, करमायलंय का, तर हो. अक्षर बघ. बारीकच आलंय.

तुझी आत्या
केवळाबाई